प्लेटेड बोअरला चरे पडले: बिडाची स्लीव्ह, पुन्हा प्लेटिंग की नवा ब्लॉक?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिक्विड कूल्ड, सिंगल सिलिंडर, ८९ मिमी बोअरची अ‍ॅडव्हेंचर बाईक. मालक सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर आणि कोकणातल्या जांभ्या मातीच्या रस्त्यांवर नियमित चालवतात. एअर फिल्टर धुऊन परत बसवताना एका कडेला नीट बसला नाही आणि अख्खा उन्हाळा गाडी तशीच फिरली. आता अ‍ॅक्सिलरेटर पिळला की निळा धूर येतो, ऑइलची पातळी उतरते. हेड आणि ब्लॉक उतरवल्यावर बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या भोकात, उभ्या रेषा दिसल्या. एका मिस्त्रींनी सांगितलं, बिडाची स्लीव्ह (बोअरच्या आत बसणारी नळी) टाकू, कायमचं काम होईल. दुसरे म्हणाले, नवीन ब्लॉक-पिस्टनशिवाय इलाज नाही. बोअरवरचा निकेलचा कठीण थर नव्याने चढवून, म्हणजे पुन्हा प्लेटिंग करून मिळतं असंही कुणीतरी सुचवलं आहे.

माझं मत आधी सांगतो. बोअर खरोखर गेला आहे का, हे अजून कुणीच तपासलेलं दिसत नाही. ते आधी करा. गेलाच असेल तर तुमच्या इंजिनाला पुन्हा प्लेटिंग किंवा नवा ब्लॉक हेच योग्य. स्लीव्ह ही वाईट गोष्ट नाही, मी स्वतः पुष्कळ बसवतो, पण ती ज्या इंजिनांना मानवते त्यांत तुमचं इंजिन बसत नाही. का, ते पुढे सविस्तर लिहितो.

पहिलं काम रेषांचं. प्लेटेड बोअरमध्ये दिसणारी प्रत्येक रेष म्हणजे चरा नव्हे. धूळ गेली, तेलाचा थर तुटला, की पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम घासून बोअरला चिकटतं. ते वर आलेलं असतं, खोल गेलेलं नसतं. नख आडवं फिरवा. नख वर चढून पुढे जात असेल तर बहुधा चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, नख आत अडकत असेल तर प्लेटिंगला खरंच खाच पडली आहे. शंका राहिली तर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पाणी मिसळून पातळ करा (पाण्यात अ‍ॅसिड टाकायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही), कापसाच्या काडीने फक्त त्या रेषेवर लावा. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर. अ‍ॅल्युमिनियम असेल तिथे लगेच फेस येतो. पुसायचं, परत लावायचं. दोन-चार वेळा केल्यावर फेस थांबला आणि खाली राखाडी, गुळगुळीत पृष्ठभाग दिसला, तर प्लेटिंग शाबूत आहे. फेस एकाच जागी येतच राहिला, थांबायलाच तयार नाही, तर तिथलं प्लेटिंग निघून गेलंय आणि अ‍ॅसिड आता ब्लॉकचं मूळ अ‍ॅल्युमिनियम खातंय. तिथेच थांबा. भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, सुकवून लगेच ऑइल लावा. ही एवढी तपासणी न करता भंगारात दिलेले चांगले ब्लॉक मी पाहिले आहेत, म्हणून इतकं सांगतोय.

दुसरं काम मापांचं. बोअर गेज आणि मायक्रोमीटर असलेल्या माणसाकडे जा, व्हर्नियरवर हे माप घेऊ नका. वर, मध्ये आणि खाली, तीन पातळ्यांवर, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात. वरचं माप डेकपासून, म्हणजे ब्लॉकच्या हेडकडच्या सपाट माथ्यापासून, साधारण १० मिमी खाली, म्हणजे वरची रिंग जिथून मागे फिरते त्या पट्ट्यात घ्या, कारण फिल्टरमधून आलेली धूळ सगळ्यात जास्त तिथेच खाते. खालच्या भागात झीज जास्त असेल तर धूळ ऑइलमधून फिरते आहे असं समजा, आणि मग काळजी बोअरपुरती राहत नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये टेपर (वर-खाली मापातला फरक) आणि ओव्हॅलिटीची (गोलाईतला फरक) मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. पिस्टनही मोजा. प्लेटेड बोअरमध्ये बहुतेक वेळा बोअर जागेवर असतो आणि झिजलेला असतो तो पिस्टनचा स्कर्ट आणि रिंगा.

असं का होतं, ते प्लेटिंगची घडण पाहिली की कळतं. या प्लेटिंगची मूळ जात निकासिल. निकासिल म्हणजे निकेलच्या थरात बसवलेले सिलिकॉन कार्बाइडचे अगदी बारीक कण. माले या जर्मन कंपनीने हे तंत्र १९६०च्या दशकात वँकेल रोटरी इंजिनांसाठी विकसित केलं. पुढे ते रेसिंग गाड्यांत आणि मोटरसायकलींत आलं. तयार बोअरवर हा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. सुझुकी त्याला एससीईएम म्हणते, यामाहा सिरॅमिक कॉम्पोझिट म्हणते. नावं वेगळी, जात साधारण एकच. आपल्या मातीतली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, निकेलपेक्षा कठीण असते आणि सिलिकॉन कार्बाइडपेक्षा बरीच मऊ. त्यामुळे धूळ कणांना काही करू शकत नाही. मधलं निकेल हळूहळू झिजवते, आणि पिस्टन-रिंगांची मात्र वाट लावते. बिडाच्या लायनरला, म्हणजे स्लीव्हला, असं कवच नाही, तिथे बोअर आणि रिंगा दोन्ही सोबत झिजतात.

आता तुमच्या पहिल्या मिस्त्रींची बाजू. त्यांनी स्लीव्ह सुचवली यात लबाडी नाही. आपल्याकडचं सगळं बोअरिंगचं ज्ञान बिडाच्या लायनरवर पोसलेलं आहे. यामाहा आरएक्स १००चा ५० मिमीचा ब्लॉक तालुक्याच्या गावात बोअर होऊन मिळतो. दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवा, म्हणजे पाव मिलिमीटर, ओव्हरसाइज पिस्टन टाका, होन करा (दगडाने घासून मापाला आणा), गाडी पुन्हा नवी. परत झिजला की वीस थाऊ. सगळे साइज संपले की जुनी स्लीव्ह काढून नवी. परदेशातल्या ऑफ-रोड गाड्यांतही हीच पद्धत वर्षानुवर्षं चालली. यामाहाच्या बॅन्शी या टू-स्ट्रोक, चार चाकी एटीव्हीला ६४ मिमीच्या दोन बोअरमध्ये बिडाच्या स्लीव्ह होत्या, होंडाच्या एअर कूल्ड टीआरएक्स ४००ईएक्सलाही ८५ मिमीच्या बोअरमध्ये बिडाचीच स्लीव्ह. त्या गाड्या आजही लोक बोअर करून चालवतात, आणि मला त्यांचा आदर आहे. बिडात ग्राफाइट असतं, ते तेल धरून ठेवतं, घासणं सोसतं, आणि साध्या होनिंग स्टोनने कुठेही दुरुस्त होतं. दुर्गम भागात जी गाडी दुरुस्त होते तीच खरी ऑफ-रोड गाडी, हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

पण त्या इंजिनांना बीड धरूनच आखलेलं होतं. भिंती जाड, फेरे मर्यादित, बोअर लहान. शिवाय कारखान्यातल्या बऱ्याच स्लीव्ह ओतकामाच्या वेळीच ब्लॉकमध्ये बसवलेल्या असतात. स्लीव्हच्या बाहेरच्या अंगाला बारीक काटे किंवा खडबडीत कड असते आणि वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम त्यात घट्ट शिरतं. ती स्लीव्ह हलत नाही. नंतर बाहेरून आणून बसवलेली स्लीव्ह फक्त घट्ट मापाच्या जोरावर उभी असते. हा फरक बोलण्यात फार कमी वेळा येतो.

तुमच्या इंजिनाचं गणित मांडून दाखवतो. बोअर ८९. स्लीव्हची तयार भिंत निदान ३ मिमी हवी, म्हणजे ब्लॉक ९५ मिमीपर्यंत पोकळ करावा लागेल. चहूबाजूंनी ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम गेलं. बोअर आणि वॉटर जॅकेट (ब्लॉकमधली कूलंटची पोकळी) यांच्यामध्ये मुळात किती भिंत आहे? टायमिंग चेनच्या बोगद्याकडे किती? हे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय जो 'होऊन जाईल' म्हणतो, त्याच्याकडे ब्लॉक देऊ नका. मोठा बोअर आणि छोटा स्ट्रोक असलेली ही आधुनिक सिंगल्स अशी बनू शकली, त्याचं कारणच प्लेटिंग आहे. लायनरची जागा वाचली म्हणून तेवढ्याच ब्लॉकमध्ये मोठा पिस्टन मावला. होंडाच्या सीआरएफ ४५०आरचा बोअर ९६ मिमी, यामाहाच्या वायझेड ४५०एफचा ९७. तुमची गाडी त्याच घराण्यातली आहे.

आता उष्णता. ब्लॉकचं अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ तिप्पट उष्णता वाहून नेतं. प्लेटिंग इतकं पातळ आहे की उष्णतेच्या वाटेत त्याचा अडथळा नगण्य. ३ मिमी बीड मात्र अडथळा आहे, आणि त्याच्या मागे स्लीव्ह आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा हा आणखी एक. चढावर पहिल्या गिअरमध्ये, पंखा सतत चालू, समोरून वारा नाही, अशा वेळी हे जाणवतं.

सगळ्यात अवघड भाग आहे प्रसरणाचा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ९५ मिमी व्यासावर तापमान १०० अंशांनी वाढलं तर अ‍ॅल्युमिनियमचं भोक सुमारे ०.२१ मिमीने मोठं होतं आणि बिडाची स्लीव्ह सुमारे ०.१० मिमीने. म्हणजे थंड असताना स्लीव्ह ०.०६ मिमी घट्ट बसवली असेल, तर कागदावर ती गरम झाल्यावर सैल झाली. प्रत्यक्षात स्लीव्ह आगीच्या बाजूला असल्याने ब्लॉकपेक्षा जास्त तापते, म्हणून फरक एवढा राहत नाही आणि पकड टिकते. पण कूलंट कमी झालं, रेडिएटर चिखलाने बुजला, इंजिन एकदा जोरात तापलं, की ती पकड जाते. एकदा हललेली स्लीव्ह पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण ऑफ-रोड जगातच आहे. १९७०च्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये आलेलं रोव्हरचं अ‍ॅल्युमिनियम व्ही-८ इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्युइकचं. ब्युइकने लायनर ओतकामातच बसवले होते, रोव्हरने ते बाहेरून दाबून बसवले. साडेतीन लिटरच्या इंजिनात बोअर ८८.९ मिमी होता तोवर ठीक चाललं. पुढे त्याच ब्लॉकच्या आराखड्यात बोअर ९४ मिमी केला, ३.९, ४.० आणि ४.६ लिटरची इंजिनं आली, आणि लायनरच्या मागे अ‍ॅल्युमिनियम कमी उरलं. इंजिन जास्त तापलं की लायनर हलतो, वर-खाली टकटक करतो; लायनरमागच्या भिंतीला तडा गेला की तिथून कूलंट आत येतं. लँड रोव्हर डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर जपणारे लोक यावर जो इलाज करतात तो शिकण्यासारखा आहे. वर रुंद कडा असलेली, टॉप-हॅट म्हणतात ती स्लीव्ह. तिची कडा डेकमध्ये कोरलेल्या खाचेत बसते, वरून हेड गॅस्केट आणि हेड तिला दाबून धरतात. सैल झाली तरी तिला हलायला जागाच नसते.

म्हणून ब्लॉक बाजारात मिळतच नाही, प्लेटिंगची सोय नाही, गाडी जुनी आणि दुर्मिळ आहे, अशा वेळी स्लीव्हच टाकायची असेल तर वर कडा असलेलीच टाका. बसवण्याची रीतही पाहून घ्या. चांगला कारागीर ब्लॉक भट्टीत सगळीकडून सारखा तापवतो, साधारण २०० अंशांपर्यंत. स्लीव्ह तोवर डीप फ्रीजमध्ये. ९५ मिमीचं भोक तेवढ्या तापमानाला जवळपास ०.३६ मिमीने मोठं होतं, त्यामुळे ०.१० मिमीची घट्ट स्लीव्हसुद्धा नुसत्या हाताने सोडली की सरळ आत जाते आणि कडा खाचेवर टेकल्याचा एक स्वच्छ, भरीव आवाज येतो. दोन-तीन सेकंदांचं काम असतं. मध्ये तिरपी अडकली तर परत तापवून काढायची. ब्लॉक गार होईपर्यंत वरून वजन ठेवायचं, नाहीतर आकसताना स्लीव्ह किंचित वर येते. नंतर डेक मशीनवर सपाट करायचा, आणि सगळ्यात शेवटी बोअर आणि होन. हातोडा किंवा थंडा प्रेस वापरून स्लीव्ह ठोकणाऱ्याकडे हे काम देऊ नका. अ‍ॅल्युमिनियम स्लीव्हने खरवडलं जातं, पकड ठिकठिकाणी वेगळी होते, आणि पहिल्या दिवशी गोल वाटलेला बोअर गरम झाल्यावर वेडावाकडा होतो. स्लीव्ह टाकल्यावर पिस्टन क्लिअरन्सही जुना ठेवून चालणार नाही. प्लेटेड बोअर पिस्टनसोबत फुगतो, बिडाचा तेवढा फुगत नाही, म्हणून जागा जास्त द्यावी लागते. मूळ क्लिअरन्सवर स्लीव्ह बांधलेलं इंजिन पहिल्याच घाटात जाम होऊ शकतं. वजनाचं म्हणाल तर ९० मिमी लांबीच्या अशा स्लीव्हने सुमारे ३५० ग्रॅम वाढतात. त्याने फार फरक पडत नाही.

पुन्हा प्लेटिंगचं काम असं चालतं: जुना थर रसायनाने उतरवतात, खोल खाच असेल तिथे टिग वेल्डिंगने भरतात, बोअर सरळ करतात, मग विजेच्या टाकीत नवा थर चढवतात आणि डायमंड स्टोनने मापाला होन करतात. हाती येतो तो मूळ मापाचा बोअर, ओव्हरसाइज नाही. ही मोठी गोष्ट आहे, कारण तुम्हाला स्टँडर्ड पिस्टनच लागतो. ज्यांच्याकडे काम द्याल त्यांना स्पष्ट विचारा. थर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा आहे की नुसता हार्ड क्रोम? हार्ड क्रोम असेल तर क्रोमच्या रिंगा अजिबात चालणार नाहीत, दोन्ही एकमेकांना खातील. होनिंग डायमंडने करता का? साध्या स्टोनने हे प्लेटिंग नीट कापलं जात नाही, नुसतं चकाकतं. तुमचा नवा पिस्टन हातात घेऊन त्याच्या मापाला होन करून द्याल का? या तिसऱ्या प्रश्नावरून माणूस कळतो. पिस्टन आधी घ्या, ब्लॉकबरोबर पाठवा. कंपन्या एकाच स्टँडर्ड साइजचे पिस्टन ०.०१ मिमीच्या फरकाने दोन-तीन वर्गांत बनवतात आणि वर्गाची खूण ब्लॉकवर ठोकलेली असते, नवा ब्लॉक घेतलात तरी ती खूण जुळवूनच पिस्टन मागवा. टू-स्ट्रोक असेल तर पोर्टच्या कडा बारीक गोल केल्या आहेत का ते हात लावून बघा. प्लेटिंग सोलायला सुरुवात तिथूनच होते.

खर्चाचं पाहिलं तर तुमच्यासारख्या देशात बनणाऱ्या, सुटे भाग मिळणाऱ्या गाडीला नवा ब्लॉक-पिस्टन संच बहुधा सर्वांत सुटसुटीत पडतो. आयात केलेली मोटोक्रॉस बाईक किंवा एटीव्ही असेल तर पारडं प्लेटिंगकडे झुकतं. दोन्हींचे भाव लेखी घ्या, ने-आण आणि गॅस्केट धरून, आणि मग ठरवा.

अ‍ॅसिडने धुतल्यावर प्लेटिंग शाबूत निघालं आणि मापं मर्यादेत आली, तर यातलं काहीच करू नका. साबणाच्या पाण्यात स्कॉच-ब्राइटने बोअर तिरपा घासून घ्या, तीन पायांचा स्टोनवाला होन आत घालू नका. गरम पाण्याने धुवा, पांढऱ्या फडक्याने ऑइल लावून पुसत राहा, फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. नवा पिस्टन, नव्या रिंगा, रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिचा गॅप फिलर गेजने मोजा. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की काम इथेच भागण्याची बरीच शक्यता आहे.

अधूनमधून दोन शंका कानावर येतात, त्यांचं उत्तर पटकन देतो. पेट्रोलमधल्या सल्फरने निकासिल खराब होतं हे खरं आहे, नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यूच्या एम६० व्ही-८ आणि जॅग्वारच्या इंजिनांना ते भोवलं. पण बीएस-६ पेट्रोलमध्ये सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) असतं, तेव्हा ती काळजी सोडा. दुसरी शंका यामाहाच्या डायसिलची. आर१५वाल्यांनी लक्षात घ्या, तुमच्या बोअरमध्ये ना स्लीव्ह आहे ना प्लेटिंग. सुमारे २० टक्के सिलिकॉन असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचाच बोअर आहे. वरची अ‍ॅसिडची युक्ती तिथे चुकूनही करू नका, ते बोअरच खाईल.

आता मुळाकडे या. ब्लॉक नवा टाकलात आणि धूळ तशीच आत जात राहिली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत इथेच याल. एअरबॉक्स उघडा, फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडच्या नळीत पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. लालसर माती आली तर सील गळतंय. नळीच्या क्लॅम्पखालची रबराची कड चिरलेली आहे का पाहा. फिल्टरच्या बसण्याच्या कडेला पातळ ग्रीस लावा, स्पंजचा असेल तर फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं पिळून. जांभ्याची सुकलेली माती पिठासारखी बारीक असते, समोरच्या गाडीच्या धुरळ्यात तास-दोन तास राहिलात तर त्या दिवशी फिल्टर साफ झालाच पाहिजे. नागावसारख्या किनाऱ्यावर एटीव्ही भाड्याने चालवणाऱ्यांनाही हेच सांगेन, तिथे वाळूबरोबर मीठही असतं.

अख्खा उन्हाळा धूळ खाल्लेल्या इंजिनात नुकसान बोअरवर थांबत नाही. इनटेक व्हॉल्व्हचा टॅपेट क्लिअरन्स मोजा, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल गेला असेल तर तो कमी झालेला असेल. कनेक्टिंग रॉड वर ओढून बिग एंडला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, उभा खेळ जाणवतो का पाहा, थोडाही लागला तर क्रँक काढावाच लागेल. ऑइल पंपाची जाळी काढून धुवा. गाडी बांधल्यावर नुसत्या कॉम्प्रेशनच्या आकड्यावर विसंबू नका. अशा इंजिनांच्या कॅमवर ऑटो डिकम्प्रेसर असतो (स्टार्ट करताना थोडा दाब सोडणारा), तो आकडा खाली ओढतो. लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते पाहा. ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून) हवा फुसफुसली तर रिंगा, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह.

प्लेटेड बोअरमध्ये रिंगा बसायच्या त्या पहिल्या काही किलोमीटरांतच बसतात. सुरू करून तासभर आयडलवर ठेवू नका. गरम झाली की रस्त्यावर काढा, मधल्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ओढा, मग थ्रॉटल बंद करून गाडीला इंजिनावरच मंदावू द्या, असं पुन्हा पुन्हा. मध्ये एकदा पूर्ण गार होऊ द्या. शंभरेक किलोमीटरला ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून घडी उलगडा आणि उन्हात धरून बघा. राखाडी चिकट लेप दिसला तर ठीक, पण तुकडे किंवा चकचकीत पापुद्रे दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि ब्लॉक परत उतरवा.